पंधरा-पंधरा दिवसांची दहा वर्षं : हुसैनारा खातून प्रकरण

जानेवारी १९७९. आठ आणि नऊ तारखेला, लागोपाठ दोन दिवस, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांबद्दलचा मजकूर छापून आला. तो लिहिला होता के. एफ. रुस्तमजी यांनी. रुस्तमजी काही वार्ताहर नव्हते. त्यांचा जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. १९३८ मध्ये ते मध्य प्रांताच्या पोलिसात भरती झाले, आणि १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल उभं राहिलं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख झाले. १९७७ मध्ये सरकारने राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला, त्याचे ते सदस्य होते. त्या कामात बिहारचे तुरुंग त्यांनी आतून पाहिले. आयोगाचा अहवाल निघेपर्यंत ते थांबले नाहीत, त्याआधीच वर्तमानपत्रात लिहिलं. उभी हयात पोलिसात गेलेल्या माणसाने हे लिहिलं, म्हणून त्याचं वजन वेगळं होतं.

त्यांनी लिहिलं होतं ते कच्च्या कैद्यांबद्दल. आपल्याकडच्या तुरुंगाच्या कागदांवर त्यांना ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात. खटला चालू आहे किंवा चालायचा आहे, गुन्हा शाबित झालेला नाही, पण माणूस आत आहे. असं आत असणं कायद्याला मंजूर आहे. आरोपी पळून जाऊ नये, साक्षीदारांना धमकावू नये, म्हणून कोठडी. रुस्तमजींच्या लेखांत मात्र माणसांची नावं होती, ती कधीपासून आत आहेत ते होतं, आणि कुठल्या आरोपाखाली आत आहेत तेही होतं. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की त्यातला अन्याय कुणालाही दिसत होता.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या कपिला हिंगोरानी यांनी ते लेख वाचले. पती निर्मल हिंगोरानी हेही वकीलच. काही दिवसांतच त्यांनी त्या कात्रणांच्या आधारे बंदिप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे कैद्याला आत ठेवणं कायदेशीर आहे का ते कोर्टाने तपासावं अशी मागणी करणारी, याचिका दाखल केली. अशी याचिका एरवी कैदी स्वतः करतो किंवा त्याचे नातेवाईक करतात. इथे वकील बाईंनी कैद्यांना पाहिलेलं नव्हतं, कुणाचं वकीलपत्र नव्हतं, पुरावा म्हणाल तर वर्तमानपत्राची दोन पानं. कोर्टाने ती याचिका ऐकली. याचिकेतल्या नावांत पहिलं नाव हुसैनारा खातून या बाईचं होतं, म्हणून प्रकरण त्या नावाने ओळखलं जातं. जनहित याचिकेचा इतिहास सांगताना वकील मंडळी इथूनच सुरुवात करतात. मला मात्र या प्रकरणातला वेगळा धागा महत्त्वाचा वाटतो. माणूस किती दिवस आत आहे हे मोजायचं कुणी, हा तो धागा.

दोनशे चाळीस सह्या

फौजदारी प्रक्रिया संहितेत नियम होता, तिच्या जागी आलेल्या आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, की मॅजिस्ट्रेटने आरोपीला एका वेळी १५ दिवसांहून जास्त कोठडीत पाठवायचं नाही. पंधरा दिवस झाले की पुन्हा हजर करा, पुन्हा विचार करा, गरज असेल तरच पुढचे पंधरा दिवस. आपल्याकडच्या कोर्टात याला ‘एमसीआर (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड, म्हणजे न्यायालयीन कोठडी) वाढवून घेणं’ म्हणतात. नियमामागचा हेतू स्वच्छ आहे : माणूस आत आहे याची आठवण कोर्टाला दर पंधरवड्याला व्हावी.

आता हिशेब करून बघा. खटला मॅजिस्ट्रेटकडेच पडून आहे आणि माणूस दहा वर्षं आत आहे, तर त्या काळात कोठडी वाढवण्याचा हुकूम सुमारे २४० वेळा व्हायला हवा. म्हणजे दोनशे चाळीस सह्या. त्यातल्या एकाही सहीच्या वेळी कुणी थांबून विचारलं नाही, की या माणसावरच्या आरोपाला जास्तीत जास्त शिक्षा किती? सही करणारा दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर त्या दिवशी वॉरंटांचा गठ्ठा असतो, आणि प्रत्येक वॉरंटावर फक्त पुढची तारीख टाकायची असते. माणूस किती काळ आत आहे हे कळायला मागची सगळी पानं उलटावी लागतात, आणि ती उलटणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. तुरुंग म्हणायचा, आम्ही कोर्टाच्या वॉरंटावर माणूस ठेवला आहे. कोर्ट म्हणायचं, पोलिसांनी अजून कागद दिलेले नाहीत. पोलिसांकडे तर तो माणूस नव्हताच.

विधी सेवेच्या कामासाठी तुरुंगात जाणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला हे रोजचं आहे. बराकीत गेलो की पहिला प्रश्न येतो तो, “साहेब, माझी तारीख कधी आहे?” ‘मी सुटेन का’ हे नंतर. आतल्या माणसाचं सगळं आयुष्य पुढच्या तारखेला टांगलेलं असतं, आणि मागे किती तारखा गेल्या हे बऱ्याचदा त्यालाही नीट सांगता येत नाही.

फेब्रुवारी-मार्च १९७९

न्यायालयाने बिहार सरकारला नोटीस काढली. ५ फेब्रुवारीला प्रकरण पुकारलं गेलं तेव्हा सरकारतर्फे कुणीच उभं राहिलं नाही. तेव्हा वर्तमानपत्रात आलेली हकिगत खरी धरूनच पुढे जावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. १२ फेब्रुवारीच्या आदेशात न्या. पी. एन. भगवती यांनी जे नोंदवलं ते आजही वाचवत नाही. पुरुष, बायका आणि मुलंसुद्धा खटल्याची वाट पाहत वर्षानुवर्षं आत आहेत. काहींवरचे आरोप इतके किरकोळ, की शाबित झाले तरी काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षांची शिक्षा व्हावी. आणि ही माणसं तीन ते दहा वर्षं आत होती. त्यांचे खटले सुरूसुद्धा झालेले नव्हते.

लेखांत ज्यांची नावं होती त्यांना जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदार न मागता, ताबडतोब सोडायचा हुकूम झाला. राज्य सरकारने सगळ्या कच्च्या कैद्यांचे तक्ते सादर करावेत, असंही सांगितलं. वर्षवार तक्ते, आणि त्यांत किरकोळ गुन्हे व गंभीर गुन्हे वेगळे काढलेले.

या तक्त्यांकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. सर्वोच्च न्यायालयाने राज्याकडून आधी मागून घेतली ती एक साधी यादी. पाटणा, मुझफ्फरपूर, रांची इथल्या मध्यवर्ती तुरुंगांची माहिती प्रतिज्ञापत्रांतून येऊ लागली. ज्या आरोपाखाली माणूस पकडला आहे त्याची पुरेपूर शिक्षा झाली असती तरी तो केव्हाच बाहेर आला असता, अशी माणसं त्या माहितीतून पुढे आली. चोरीचं उदाहरण घ्या. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. तो माणूस सहा वर्षं आत असेल, तर गुन्हा कबूल करूनही त्याची तीन वर्षं जास्त झाली. त्याला निर्दोष ठरवायचीही गरज नव्हती, नुसती वजाबाकी पुरेशी होती. अशांना तात्काळ सोडा, त्यांना पुढे आत ठेवण्याला कायद्याचा कसलाही आधार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

काही बायका तर कुठल्याच गुन्ह्याच्या आरोपी नव्हत्या. त्या गुन्ह्याला बळी पडलेल्या होत्या, किंवा साक्ष द्यायची म्हणून हाताशी ठेवलेल्या होत्या. कागदावर त्याला ‘संरक्षक कोठडी’ असं नाव होतं. जिच्यावर अत्याचार झाला ती तुरुंगात, आणि आरोपीला मात्र जामीन मिळू शकतो, अशी ही तऱ्हा होती. न्यायालयाने या बायकांना तुरुंगातून काढून महिलांसाठीच्या आधारगृहांत न्यायला सांगितलं. या प्रकरणाबद्दल लिहिणारे बहुतेक जण ही गोष्ट एका ओळीत आटोपतात. मला ती सगळ्यात जास्त टोचते. इथे कोठडीचा कायदेशीर हेतू नावापुरताही शिल्लक राहिलेला नव्हता.

९ मार्च १९७९ च्या निकालात भगवती यांच्याबरोबर न्या. डी. ए. देसाई होते. वर्षभरापूर्वी मनेका गांधी प्रकरणात ठरलं होतं, की अनुच्छेद २१ खाली माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेणारी प्रक्रिया वाजवी, रास्त आणि न्याय्य असली पाहिजे. बिहारच्या प्रकरणात न्यायालयाने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं : ज्या प्रक्रियेत खटला वाजवी वेळेत चालत नाही ती न्याय्य म्हणताच येणार नाही, म्हणून लवकर खटला चालणं हा मूलभूत हक्कच आहे. सोबत दोन व्यवहारी गोष्टी सांगितल्या. तपासाची ६० किंवा ९० दिवसांची मुदत संपली आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर पुढची कोठडी देण्याआधी मॅजिस्ट्रेटनेच आरोपीला सांगायचं, की तुला आता जामिनाचा हक्क आहे. आणि वकील करायची ऐपत नसेल तर सरकारने स्वतःच्या खर्चाने वकील द्यायचा. गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याबद्दलचा अनुच्छेद ३९-अ घटनेत १९७६ सालीच आला होता, पण तुरुंगातल्या माणसापर्यंत तो पोचला नव्हता.

बिहार सरकारने बचावात सांगितलं, की सुमारे दहा टक्के प्रकरणांत तज्ज्ञांचे अहवाल वेळेवर येत नाहीत म्हणून तपास अडतो. न्यायालयाचं उत्तर सरळ होतं. प्रयोगशाळा कमी असतील तर वाढवा. राज्याकडे माणसं किंवा पैसा कमी आहे म्हणून कैद्याचा हक्क कमी होत नाही. पाटणा उच्च न्यायालयाकडून कुठे किती मॅजिस्ट्रेट आहेत आणि ३१ डिसेंबर १९७८ रोजी त्यांच्याकडे किती प्रकरणं तुंबली होती, याचीही माहिती मागवली. पुन्हा मोजणीच.

जामीन मिळूनही आत

तक्ता वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. यातल्या कित्येकांवरचे गुन्हे जामीनपात्र होते. मग ती माणसं आत का राहिली? कारण आपल्याकडे जामीन म्हटला की जामीनदार आला, आणि जामीनदार म्हटला की मालमत्ता आली.

या प्रकरणाच्या काही महिने आधी, १९७८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याचं प्रकरण आलं होतं. मॅजिस्ट्रेटने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला. गवंड्याचा भाऊ पुढे आला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते रद्द केलं आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. गरिबाकडून झेपेल तेवढंच मागा, हा त्या निकालाचा गाभा.

निकाल होऊन पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात उभं राहून बघा. जामीनदाराचा सातबारा, नाहीतर घरपट्टीची पावती. तहसीलदाराची सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला), रेशनकार्ड, आधार. ज्याचा भाऊ ऊसतोडीला गेलाय, ज्याचं घर सरकारी जागेवर आहे, ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याला पंधरा हजारांचा जामीन मिळाला काय आणि दीड लाखाचा मिळाला काय! अशा माणसापुढे मग एक वाट उरते. ‘भोगलेली तेवढी शिक्षा’ या बोलीवर गुन्हा कबूल करून टाकायचा आणि घरी जायचं. त्याने तो गुन्हा केला होता की नाही, हे पुढे कधीच कळत नाही. बाहेर आल्यावर मात्र तो शिक्षा झालेला गुन्हेगार असतो, आणि पुढच्या वेळी तो पहिल्यांदा पकडलेला माणूस राहत नाही. याचा परिणाम काय होतो ते पुढे येईलच.

निकालाने दिलं ते, आणि राहून गेलं ते

या प्रकरणामुळे देशभरात सुमारे ४० हजार कच्चे कैदी सुटले, असा आकडा सर्वत्र दिला जातो. एका याचिकेने इतकी माणसं घरी गेली, हे लहान काम नव्हे. पण एक प्रश्न न्यायालयाने त्याच वेळी स्वतःहून मांडला आणि पुढच्या सुनावणीसाठी ठेवून दिला : लवकर खटला हा हक्क असेल आणि तो मोडला गेला, तर पुढे काय? खटलाच रद्द करून माणसाला कायमचा मोकळा करायचा का?

त्याचं ठाम उत्तर अजून नाही. डिसेंबर १९९१ मध्ये अंतुले प्रकरणात पाच न्यायाधीशांनी सांगितलं, की खटल्याला सरसकट कालमर्यादा घालता येणार नाही, प्रत्येक प्रकरणात उशीर कुणामुळे झाला ते बघावं. नंतर काही निकालांत मर्यादा घातल्या गेल्या, पण २००२ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याही काढून टाकल्या. कायद्याच्या नजरेने मला यातला तर्क समजतो. गुंतागुंतीचा खटला आणि सायकलचोरी एका मापाने मोजता येत नाहीत. पण मर्यादा नाही म्हटलं, की पुन्हा प्रश्न तोच राहतो : दिवस मोजायचे कुणी?

ती वजाबाकी कायद्यात यायला २७ वर्षं लागली. २३ जून २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३६-अ लागू झालं. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला की माणसाला जातमुचलक्यावर, जामीनदार घेऊन किंवा न घेता, सोडायचं, आणि कमाल शिक्षेहून जास्त तर कुणालाच ठेवायचं नाही. फाशीची तरतूद असलेले गुन्हे त्यातून वगळले. कलम आलं, पण ते वापरायला कुणीतरी अर्ज करायचा. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की मॅजिस्ट्रेट आणि सत्र न्यायाधीशांनी १ ऑक्टोबरपासून दोन महिने दर आठवड्याला स्वतः तुरुंगात बसून हे हिशेब करावेत.

१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आलं. त्यात दोन चांगल्या गोष्टी आहेत. आधी कधी शिक्षा न झालेल्या माणसाला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायचं. वरच्या चोरीच्या उदाहरणात दीड वर्षाऐवजी एक वर्ष. आणि काळ पूर्ण झाला की कोर्टाला लेखी कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. हे वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. मोजणाऱ्याचा हुद्दा कायद्यात लिहिला गेला होता. हे कलम जुन्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

पण त्याच कलमात एक अडसर घातला आहे. एकाहून जास्त गुन्ह्यांची किंवा प्रकरणांची चौकशी वा खटला चालू असेल, तर हा फायदा नाही. आता जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हेही बाहेर काढले आहेत. गरीब वस्तीतल्या पोराला एकदा पकडलं, की हद्दीतल्या दोन-तीन जुन्या चोऱ्यांतही त्याला आरोपी म्हणून वर्ग करून घेतात, हे फौजदारी काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘भोगलेली तेवढी’ म्हणून कबुली दिलेला तो माणूस एक तृतीयांशाच्या सवलतीतूनही बाहेर पडतो. म्हणजे ज्याच्यासाठी कलम आणलं, नेमका तोच त्यातून वगळला जातो. माझ्या मते ही अट जाचक आहे आणि ती काढायला हवी.

दहशतवादविरोधी ‘यूएपीए’सारख्या विशेष कायद्यांची गोष्ट आणखी कठीण. मुंबई विमानतळावर फेब्रुवारी २०२० मध्ये बनावट नोटांच्या प्रकरणात पकडलेला एक माणूस चार वर्षं आत होता. आरोप निश्चितसुद्धा झालेले नव्हते, आणि सरकार पक्षाला ऐंशी साक्षीदार तपासायचे होते. ३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन देताना सांगितलं, की गुन्हा कितीही गंभीर असला तरी लवकर खटल्याचा हक्क संपत नाही, आणि शिक्षा म्हणून जामीन रोखून धरता येत नाही. महाराष्ट्रातलं हे प्रकरण १९७९ च्या त्याच निकालाच्या पायावर उभं आहे.

आजचा तक्ता

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन. उत्तर प्रदेशात ९४,१३१, त्याखालोखाल बिहारमध्ये ५७,५३७, आणि महाराष्ट्रात ३२,८८३. खटल्याचा निकाल न लागता पाच वर्षांहून जास्त काळ आत असलेले देशभरात ११,४४८. एकूण आकड्यापुढे ही संख्या लहान दिसते, पण ती एखाद्या मोठ्या गावाच्या वस्तीएवढी आहे.

पैशाअभावी जामिनावर बाहेर येऊ न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना आणली. कच्च्या कैद्याला जामिनासाठी तेव्हा ४० हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली होती. त्याच वर्षी ३१ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं, की जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट सौम्य करायचा विचार करायचा.

म्हणून, आपल्या ओळखीचं कुणी आत असेल तर एवढं करा. अटकेची तारीख आणि लावलेली कलमं एका कागदावर लिहून ठेवा. त्या कलमांची कमाल शिक्षा वकिलाला विचारून त्याच कागदावर लिहा, आणि एक तृतीयांश व निम्मा काळ कुठल्या तारखेला पूर्ण होतो ते काढा. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं की नाही तेही लिहा. मुलाखतीला जाल तेव्हा तुरुंगातल्या विधी सेवा कक्षात तो कागद दाखवा आणि अर्ज गेला का ते विचारा. जामीन मंजूर होऊन आठवडा उलटला असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. वकील नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. अर्ज दिलात की त्याची पोच घ्या, आणि पोचेवर तारीख पडली आहे ना ते बघा.